कापलेले दोन हजार

धावडा, ता. भोकरदन

चि. ताईस,

तू पाठवलेला 2025-26 चा बँकेचा उतारा पाहिला. तुला दवाखान्याच्या वॉर्डात लावणाऱ्या एजन्सीशी महिन्याला ठरले होते 20 हजार आणि जमा झालेत 18 हजार. कलम 194-जे खाली, व्यावसायिकाची फी म्हणून, दहा टक्के आयकर कापला आहे. आधी तुझ्या पॅनवरचे 26-एएस उघड. तिथे रक्कम दिसली तर पैसे सरकारात पोचले. दिसली नाही तर एजन्सीला त्याच दिवशी लेखी विचार.

वर्षाचे 2 लाख 40 हजार होतात. 2025-26 मध्ये नव्या करपद्धतीत 4 लाखांपर्यंत करच नाही. म्हणजे कापलेले सगळे परत मिळतात, पण रिटर्न भरले तरच. ‘कर कापू नये म्हणून 15-जी देऊन टाक’ असे कुणी सांगेल, पण या कपातीला तो फॉर्म चालत नाही. आणि फी पगार म्हणून दाखवू नकोस. 75 हजारांची प्रमाणित वजावट पगारदाराची असते.

मला खरी काळजी वेगळीच आहे. दवाखान्या-दवाखान्यांतून फिरून काम करणाऱ्या डॉक्टरला हा फीचा हिशेब सोयीचा, 50 लाखांपर्यंतच्या जमेतली निम्मीच रक्कम उत्पन्न धरता येते. तो स्वतःचा मालक असतो. तुझे तसे आहे का? आपल्याकडे गुत्त्याने मिरची तोडणारीला कुणी हजेरी विचारत नाही. तुझी मात्र रात्रपाळी वरचे ठरवतात, रजा तेच देतात, गैरहजेरीचे पैसेही कापतात. कागदावर गुत्तेदार आणि वॉर्डात सालदार, असे तुला ठेवले आहे. 21 हजारांपर्यंतच्या पगाराला ईएसआय लागू होतो, पीएफ मिळू शकतो, बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा असते. फी घेणाऱ्याला यातले काहीच नाही. दोन हजार परत येतील गं, पण हे कोण परत देणार?

ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले होते, कायम करा म्हणून. त्यांची संघटना तरी आहे. एजन्सीमार्फत लागलेल्या मुली एकेकट्या पडतात, म्हणून तुझ्या वॉर्डातल्या बाकीच्यांनाही हे पत्र वाचून दाखव.

कराराची प्रत माग. देत नसतील तर ड्युटीच्या तक्त्याचे आणि पाळी बदलल्याच्या मेसेजचे फोटो काढून ठेव. तुला कामावर कोण ठेवते, कोण हुकूम देते, हे त्यातूनच सिद्ध होईल. कर कापल्याचा 16-ए दाखला सुद्धा घे. पुढच्या सुट्टीत सगळे घेऊन ये, भोकरदनला कर सल्लागाराकडे आपण दोघे जाऊ.

तुझा,
मामा