गुंदसाठी नाटक सापडलं!

सापडलं! जोयड्याकडच्या आमच्या गुंद गावच्या हौशी मंडळींना बसवायला नाटक सापडलं, आणि तेही आजच्या काळातलं, आजच्या लेखकाचं! प्राजक्त देशमुख यांचं 'संगीत देवबाभळी'. संहिता हातात घेतली ती संपेपर्यंत खाली ठेववली नाही, आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे.

गोष्ट ऐका. तुकोबांची आवली नवऱ्यासाठी भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढते. पायात बाभळीचा काटा रुततो. विठ्ठल स्वतः येऊन तो काढतो आणि जखम भरेपर्यंत तिची सेवा करायला रखुमाईला धाडतो. रखुमाई लखुबाई होऊन तिच्या घरी राबू लागते. एक पोटुशी, संसारानं गांजलेली, त्या काळ्याला शिव्या घालणारी. दुसरी त्याच काळ्यावर रुसलेली. एकीचा नवरा देवात हरवलेला, दुसरीचा भक्तांत! एवढ्याशा धाग्यावर दोन अंक तोलले आहेत, आणि कुठेही भाषण नाही.

नाटक निवडताना आमचं घोडं दरवेळी पात्रांवर अडायचं. एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' (1985) वाचून सगळेच भारावले होते; पण त्यातलं अख्खं खटलं उभं करायला माणसं आणायची कुठून? इथे दोन बायका पुरतात! दोघी समर्थ हव्यात मात्र, आणि गळा हवाच.

गाण्याची तर मला चिंताच नाही. जोयड्याकडचा प्रेक्षक यक्षगानात मुरलेला आहे. त्यातल्या भागवताचं, म्हणजे गायकाचं, गाणं आणि चंडे-मद्दळ्याचा ताल यांवर रात्र जागवणाऱ्यांना गाण्यातून पुढे सरकणारं कथानक समजावून द्यावं लागत नाही. आणि सुपारीच्या बागेत जेवण पोचवायला जाणाऱ्या आमच्या बायकांना आवलीची ओळख वेगळी कशाला करून द्यायची?

नाशिकच्या रंगकर्मींची ही मूळची एकांकिका. 2017 मध्ये भद्रकाली प्रॉडक्शन्सनं ती दोन अंकी संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आणली. आवली शुभांगी सदावर्ते, लखुबाई मानसी जोशी, संगीत आनंद ओक यांचं. लेखकाला 2020 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार याच नाटकासाठी मिळाला. म्हणजे संतकाळाची गोष्ट सांगूनही नाटक अगदी आजचं असू शकतं!

गावोगावच्या हौशी मंडळांना माझं कळकळीचं सांगणं आहे: गाजलेलं म्हणून नाटक उचलू नका. आपल्याकडे माणसं किती, गळे कोणते, समोर बसणारा कोण, हे आधी पाहा. चार जण बसून संहिता मोठ्यानं वाचा. ऐकणाऱ्यांची चुळबूळ थांबली की नाटक ठरलं समजा. मग लेखकाची रीतसर परवानगी घ्या, मानधन द्या आणि तालमीला लागा. आजचे मराठी नाटककार तुमच्या गावासाठीही लिहीत आहेत, त्यांना वाचा!