कापडाचा दोष नसतो

गाडीच्या आतल्या छताचं कापड सुटायला लागतं ते बहुतेक वेळा मागच्या काचेच्या कडेला, नाहीतर मधल्या दिव्याभोवती. आधी तळहाताएवढा फुगवटा येतो. काचा उघड्या ठेवून हमरस्त्याला लागलं की तो वाऱ्यानं फडफडतो. पुढच्या उन्हाळ्यात फुगवटे एकमेकांना मिळतात आणि आरशात मागच्या काचेऐवजी लोंबणारं कापड दिसू लागतं. मग गाडी आमच्याकडे येते. मालकाची मागणी ठरलेली असते : "जरा वरून चिकटवून द्या की."

मी कोल्हापुरात उद्यमनगरात गाड्यांचं कुशनकाम करतो. सीट शिवणं, दारांच्या पॅडांवर कापड चढवणं, जीपचे हूड बांधणं ही रोजची कामं. त्यात मला सगळ्यांत आवडतं ते रूफ लायनिंगचं काम. सीट बिघडली तर तिच्यावर कव्हर घालता येतं, गंजलेला पत्रा मॅटखाली झाकता येतो. छताला एकच अखंड कापड असतं आणि त्यावर पुढच्या काचेतून तिरपा उजेड पडतो. हातून काय झालंय ते त्या उजेडात स्पष्ट दिसतं. कारागिराला घडवणारं असं दुसरं काम आमच्या धंद्यात नाही.

या कापडामागे काय असतं ते मालकाला ठाऊक नसतं, कारण ते कधी दिसतच नाही. सगळ्यांत वर टपाचा पत्रा. त्याखाली थोडी पोकळी. मग छताच्या आकारात दाबून घडवलेला बोर्ड. कुठे काचतंतूंचा, कुठे राळ पाजलेल्या तागाचा, कुठे जाड पुठ्ठ्याचा. बोर्डाला चिकटलेला साधारण तीन मिलिमीटर जाडीचा फोम आणि फोमवर पातळ विणीचं कापड. कापड आणि फोम कारखान्यातूनच जोडून येतात. फोमचा पृष्ठभाग ज्योतीवरून नेऊन किंचित वितळवतात आणि तो मऊ असतानाच त्यावर कापड दाबतात. म्हणजे छताचा सारा भार या तीन मिलिमीटर फोमवर असतो.

हा फोम पॉलियुरेथेनचा. जर्मनीत लेव्हरकुझेनला ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 साली या रसायनाचा शोध लावला. आज गादीपासून बुटाच्या तळव्यापर्यंत ते सगळीकडे आहे. फोम हलका असतो, लवचिक असतो, आवाज शोषतो आणि बोर्डाचे खाचखळगे झाकतो. पण उष्णता आणि दमट हवा यांच्यापुढे तो टिकत नाही. हवेतली वाफ त्याच्या रेणूंचे जोड तोडत राहते आणि गरमीत हे तुटणं वेगानं होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगानं होते, असा ढोबळ नियम आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या आतली हवा साठ अंशांच्या पुढे जाते, आणि छत तर थेट तापलेल्या पत्र्याखाली. अशी वर्षं साठत गेली की फोम विरतो. रत्नागिरी-मालवणकडून आलेल्या गाडीचा फोम माझ्या बोटांना चिकटतो, मेणचट लागतो. सोलापूरकडच्या गाडीचा कोरडा, पिवळी भुकटी होऊन डोळ्यांत उडतो.

म्हणून छत पडतं तेव्हा कापड बहुधा धडच असतं. कारखान्यातलं सोल्युशनही धड असतं. बोर्डावर हात फिरवला तर ते फोमचा पातळ थर घट्ट धरून बसलेलं दिसतं. कापडाच्या पाठीवरही तसाच थर असतो. मधला फोम तेवढा गेलेला असतो. लोक मात्र राग काढतात कापडावर, कारण डोक्याला लागतं ते कापड.

एवढं कळलं की "वरून चिकटवून द्या" याचं उत्तर आपोआप मिळतं. सुईनं कापडामागे सोल्युशन सोडलं तर ते भुकटीला चिकटतं, बोर्डापर्यंत पोचत नाही. वर ते कापडातून पाझरतं आणि कायमचे डाग पाडतं. टाचण्या आणि स्टेपल फार तर एक पावसाळा काढतात. खड्ड्यात गाडी आदळली की सुटतात आणि मागच्या सीटवर बसलेल्या पोराच्या अंगावर पडतात. वायसर लावून स्क्रू मारणं सगळ्यांत वाईट. बोर्डाला भोक पडतंच, आणि स्क्रू लांब असेल तर टपाच्या पत्र्यालाही आतून टोक लागतं. असले उपाय केलेली गाडी शेवटी आमच्याकडे येतेच, आणि येते ती काम वाढवून.

माझं शिक्षण जुन्या तऱ्हेच्या छतांवर झालं. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी किंवा उत्तरपाऱ्याची ॲम्बॅसडर, यांच्या छताला बोर्डही नव्हता आणि फोमही नव्हता. रेक्झिनचे किंवा कापडाचे पट्टे जोडून शिवायचे, प्रत्येक जोडाला पाठीमागून नेफा काढायचा, परकराच्या नेफ्यात नाडी ओवावी तशी त्यात बाकदार सळई ओवायची आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या भोकांत बसवायची. मग पुढून मागून ताण देत कडा काचेच्या रबरी बीडिंगखाली दाबायच्या. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या चाचांचा पहिला नियम सळ्यांचा होता. सळई काढली की तिला लगेच नंबर द्यायचा आणि ती कोणत्या भोकातून निघाली तेही लिहायचं. वरवर सगळ्या सळ्या सारख्याच दिसतात, पण टपाची गोलाई पुढून मागे बदलत जाते आणि प्रत्येक सळईचा बाक त्या जागेपुरता असतो. एका सळईची जागा चुकली तर कापड कितीही ताणा, सुरकुती जात नाही. गाडीनं जे सांगितलंय ते आधी लिहून घ्या, मग हात लावा, असं चाचा म्हणायचे. मी आजही पोरांना तेच सांगतो.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्यांनी त्या छतांना मोठा मान दिला. फुलाफुलांची, वेलबुट्टीची छतं त्यांनी हौसेनं लावून घेतली. 2015 साली तर तरुण चित्रकारांची कापडं टॅक्सीच्या सीटांवर आणि छतांवर चढवणारा 'टॅक्सी फॅब्रिक' हा उपक्रमच उभा राहिला. 30 ऑक्टोबर 2023 नंतर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. सळ्यांचं काम आता हौशी मालकांच्या गाड्यांपुरतं उरलं आहे. 1991 नंतर बाजार खुला झाला आणि नव्या तऱ्हेची छतं आली. पुण्यात 1995 पासून जुळवली जाणारी मर्सिडीज, नाशिकची फोर्ड एस्कॉर्ट, हलोलची ऑपेल ॲस्ट्रा, पहिली होंडा सिटी. या गाड्या आज जुन्या झाल्या आहेत. त्यांच्यासाठी नवा बोर्ड मिळणं मुश्कील. म्हणून त्या गाडीतला सर्वांत जपायचा भाग म्हणजे तो आतला, कुणाला न दिसणारा बोर्ड.

काम सुरू होतं ते बॅटरीची वायर काढून. मग सनवायझर, हातानं धरायच्या मुठी, मधला दिवा, दारांची बीडिंग आणि खांबांवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. पट्ट्यांच्या क्लिपा उन्हानं कडक झालेल्या असतात; पेचकस घालून उचकटल्या तर तुटतात. त्यामुळे मी रुंद प्लास्टिकची पट्टी वापरतो आणि क्लिपेच्या अगदी जवळून उचलतो. खिडक्यांच्या वर पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत कंपनीचं मॅन्युअल वाचल्याशिवाय कुणी हात घालू नये. सगळं सुटलं की बोर्ड खाली येतो. पुढच्या सीटा पूर्ण आडव्या करून, दोघांनी धरून, मोठी डिकी असेल तर डिकीतून नाहीतर दारातून तिरका करून तो बाहेर काढायचा. इथे घाई केली की बोर्ड मधोमध मोडतो आणि ती मोड पुढे नव्या कापडातूनही दिसत राहते.

जुनं कापड ओढलं की एका झटक्यात निघतं. बघणाऱ्याला वाटतं, काम अर्धं झालं. खरं काम तिथून पुढे. बोर्डावर राहिलेला मेलेला फोम सगळाच्या सगळा काढावा लागतो. तारेचा ब्रश चालत नाही, तो बोर्डाचे तंतू उपसतो. नायलॉनचा मऊ ब्रश घ्यायचा, हात हलका ठेवायचा आणि एकाच दिशेनं घासत जायचं. नाकातोंडावर मास्क हवाच, कारण ही भुकटी छातीत जाते आणि काचतंतूंचा बोर्ड असेल तर तंतूही उडतात. एकदा घासून झालं की हवा मारायची, आणि तिरप्या उजेडात बोर्ड धरून परत बघायचं. खोलगट जागांत, दिव्याच्या कडेला, सनवायझरच्या घळीत फोम दडून बसलेला असतो. पुन्हा घासायचं. तळहात फिरवून बघितलं आणि हाताला पिवळं लागलं नाही, की मगच थांबायचं.

नवशिकी पोरं इथेच कंटाळतात. त्यांना कापड चढवायची घाई असते. त्यांची चूक नाही. कापड चढवणं दिसतं, घासणं दिसत नाही. पण नवं सोल्युशन कितीही महाग आणा, ते ज्या थरावर पडतं त्या थराइतकंच पक्कं असतं. भुकटीवर लावलं तर ते भुकटीसकट खाली येणार. माझ्या समजुतीनं छत दुरुस्त होतं ते घासताना. कापड चढवणं हा त्याचा शेवट. बोर्डाला चीर असेल तर तीही याच वेळी पाठीमागून काचतंतूचं कापड आणि रेझिन लावून बांधून घ्यावी लागते. ते वाळेपर्यंत बोर्ड सपाट जमिनीवर न ठेवता त्याच्या गोलाईला आधार देऊन ठेवायचा, म्हणजे आकार बदलत नाही.

कापडाची निवडही मालकावर सोडून चालत नाही. पडद्याचं कापड, चादरीचं कापड घेऊन येणारे असतात. गाडीच्या छताला पाठीला फोम असलेलं, गाडीसाठीच बनवलेलं कापड लागतं. ते दोन्ही बाजूंनी थोडं ताणतं म्हणून खोलगट जागांत बसतं. गाडीच्या आतलं साहित्य आगीत किती वेगानं जळावं याला मर्यादा आहे, त्यासाठी आयएस 15061 हे भारतीय मानक आहे. चादरीच्या दुकानात ते कुणी बघत नाही. रंग फिका असावा, म्हणजे आत उजेड राहतो. सनवायझरही मढवायचे असतील तर त्यांचं कापड छताच्याच दिशेनं कापायचं. दिशा उलटली की एकाच ताग्यातून कापलेले तुकडे उजेडात दोन रंगांचे दिसतात.

सोल्युशन रबराचं, उष्णता सोसणारं हवं. साध्या स्प्रेचं सोल्युशन सावलीत छान धरतं आणि पहिल्या उन्हाळ्यात मऊ पडतं. बोर्डाला एक हात, फोमच्या पाठीला एक हात, दोन्ही पातळ आणि एकसारखे. मग थांबायचं. बोटाच्या मागच्या सांध्यानं हलकं टेकून बघायचं. चिकट लागलं पण तार आली नाही, की वेळ झाली. ओलं असतानाच दाबलं तर सोल्युशन फोममधून वर येतं आणि कापडावर काळपट चट्टा उमटतो. या वासात दारं-खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास बिडी-काडी नको, कारण सोल्युशनची वाफ पेट घेते.

कापड आधी पूर्ण पसरून मधली रेघ जुळवायची, मग अर्धं मागे दुमडून त्या अर्ध्याचं काम करायचं. मध्यापासून कडेकडे जायचं. खोलगट जागा आली की आधी बोटांनी कापड तळाला पोचवायचं आणि मग पुढे सरकायचं. खोलगट जागेवरून कापड ताणून नेलं तर ते त्या दिवशी सुरेख दिसतं, पण पहिल्या उन्हात तिथेच सुटतं. हे काम तळहातानंच होतं. कडेला दोन-तीन बोटं कापड जास्त ठेवून ते बोर्डामागे वळवून चिकटवायचं. दिव्याच्या जागी फुलीचा छेद देऊन पाकळ्या आत दुमडायच्या. मग बोर्ड रात्रभर तसाच ठेवायचा. गाडी त्याच संध्याकाळी हवी असणाऱ्या मालकाला मी नम्रपणे नाही म्हणतो. त्या एका रात्रीवर पुढची वर्षं अवलंबून असतात.

नव्या छताची गाडी घेऊन जाताना मालक एकदा वर बघतो, हात लावतो आणि मग छत विसरून जातो. विसरता यावं असंच छत असायला हवं. चालवणाऱ्याच्या आरशात फक्त रस्ता दिसला, मागे झोपलेल्या पोराच्या केसांत भुकटी पडली नाही, पावसात टपावरचा आवाज थोडा कमी झाला, तर आमचं काम झालं. जुनी गाडी लोक मोडीत काढतात ती पुष्कळदा इंजिनामुळे नाही, आत बसावंसं वाटत नाही म्हणून. वडिलांनी घेतलेली, अजून नीट चालणारी गाडी एका लोंबणाऱ्या कापडापायी भंगारात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा तुमच्या गाडीचं छत सुटायला लागलं तर टाचणी लावू नका आणि सुईनं सोल्युशनही भरू नका. कारागिराकडे जा आणि त्याला दोन प्रश्न विचारा : बोर्ड बाहेर काढणार का, आणि जुना फोम पूर्ण घासणार का? दोन्हींना हो म्हणाला तर गाडी रात्रभर त्याच्याकडे ठेवा आणि त्यानं घासण्याची मजुरी वेगळी सांगितली तर ती घासाघीस न करता द्या.