क्लासेचा क्रूस

इटलीतल्या रावेन्नाहून क्लासेला जाताना दोन्ही बाजूंना सपाट शेतं लागतात. रोमन सम्राट ऑगस्टसच्या आरमाराचं बंदर इथलंच. पुढे गाळ साचत गेला, समुद्र कित्येक किलोमीटर मागे हटला आणि बंदर बुजलं. आता शेतांमध्ये दुरून दिसतं ते विटांचं साधं चर्च, सान्त’अपोलिनारे. ५४९ मध्ये बिशप माक्सिमियानने त्याची प्रतिष्ठापना केली.

आत शिरताच नजर थेट वेदीवरच्या अर्धघुमटाकडे जाते. हिरवंगार कुरण, त्यात हात उंचावून उभे संत अपोलिनारिस आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना मिळून बारा मेंढरं. वर निळ्या, तारांकित वर्तुळात रत्नजडित सोनेरी क्रूस. ढगांतून संदेष्टे मोशे आणि एलीया डोकावतात, खाली आणखी तीन मेंढरं मान वर करून पाहतात. ही मेंढरं म्हणजे येशूचे शिष्य पेत्र, याकोब आणि योहान. डोंगरावर येशूचं रूपांतर झालं, तो हा प्रसंग. येशू मात्र माणसाच्या रूपात उभा नाही, त्याच्या जागी क्रूस आहे. क्रूसाच्या दोन बाजूंना ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर: आरंभ तोच, अंतही तोच. आणि अगदी मधोमध, दांडे जुळतात तिथे, एक इवलासा दाढीवाला चेहरा!

येशूच्या जागी क्रूस का, याचं उत्तर मला रावेन्ना शहरातल्या सान्त’अपोलिनारे नुओव्होत मिळालं. ते चर्च गॉथ राजा थिओडोरिकने बांधलं. तो एरियन पंथाचा. पुत्र येशू पिता देवाच्या बरोबरीचा नाही, असं मानणारा. ५४० मध्ये सम्राट जस्टिनियनच्या सेनापतीने, बेलिसारियसने, शहर घेतलं. नव्या सत्तेला एरियन मत मान्य नव्हतं. नंतर त्या चर्चच्या भिंतीवरच्या राजवाड्याच्या चित्रातली माणसं खरवडून काढली आणि त्यांच्या जागी पडदे जडवले. पण खांबांवर आलेले काही हात तसेच राहिले. माणूस नाही, नुसता पंजा आणि मनगट. पाहताना अंगावर काटा येतो.

त्या खरवडण्यापेक्षा एरियन मताला क्लासेने दिलेलं उत्तर मला फार मोठं वाटतं. पुत्र पूर्णपणे देव आहे, हे इथे कुणाचंही चित्र न खरवडता सांगितलं आहे. मोशेसारखा संदेष्टा ज्याच्याकडे हात करतो, त्याचं तेज माणसाच्या आकृतीत मावणारं नाही, हे त्या क्रूसातून कळतं.

रावेन्नाला गेलात तर क्लासे चुकवू नका, आणि छोटी दुर्बीण जवळ ठेवा. तो चेहरा नुसत्या डोळ्यांना सहज निसटतो.