स्लो लोकल, स्लो उपाय!

ठाकुर्लीकरांना संयम शिकवावा लागत नाही. डोंबिवली आणि कल्याणच्या मधोमध असूनही फास्ट लोकल इथे थांबतच नाही. रेल्वे क्वार्टर्स असोत, चोळेगाव असो की नाइन्टी फीट रोडवरचे टॉवर्स, सगळ्यांची सकाळ स्लो लोकलला बांधलेली. सोबतीला प्लॅटफॉर्मवरचं ऊन! मग एक दिवस आरशात गालावर तपकिरी डाग दिसतात आणि आई जाहीर करते, ‘वांग आलाय, ज्येष्ठमध लाव!’

आईचं अगदीच चूक नाही बरं का. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज हे एन्झाइम लागतं. ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन नेमका त्यालाच ब्रेक लावतं. कोरफडीतल्या अ‍ॅलोसिनचं कामही तेच. आयुर्वेदात तर वांगावर मंजिष्ठेचा लेप सांगितलेलाच आहे. २००० साली इजिप्तमधल्या एका प्रयोगात २० बायकांनी चेहऱ्याच्या एका बाजूला ज्येष्ठमधातल्या लिक्विरिटिनचं क्रीम लावलं आणि दुसरीकडे साधं. चार आठवड्यांत बहुतेकींचे डाग फिकट झाले.

पण थांबा! ते मोजून-मापून काढलेल्या अर्काचं क्रीम होतं. काष्ठौषधीच्या दुकानातली पूड दुधात कालवून लावलीत, तर रविवार छान जाईल, पण तेवढ्या रिझल्टची अपेक्षा नको. आणि लेपात लिंबू तर नकोच. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात की त्वचा भाजते आणि डाग आणखी गडद होतात.

खरा धोका ‘सात दिवसांत गोरेपण’वाल्या ट्यूबचा. त्यात स्टिरॉइड असेल, तर त्वचा पातळ होते, पिंपल्स येतात, ट्यूब बंद केली की डाग परत हजर! म्हणूनच २०१८मध्ये सरकारने १४ स्टिरॉइड क्रीम्स प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला बंदी घातली. केमिस्टला विचारून भागवू नका, स्किनच्या डॉक्टरला गाठा.

आणि सनस्क्रीन? त्याशिवाय सगळी मेहनत पाण्यात. वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन जास्त कामाचं, कारण नुसत्या उजेडानेही हे डाग वाढतात. शिवाय छत्री आहेच. पावसाळ्यापुरतीच कशाला ठेवायची?

एक मात्र लक्षात ठेवा. घालवायचे आहेत ते डाग. सावळा रंग हा काही आजार नव्हे! बाकी ज्येष्ठमधाची गाडी स्लोच आहे, आठवडेच्या आठवडे घेते. पण स्लो गाडीची सवय ठाकुर्लीकरांपेक्षा जास्त कुणाला असणार?