गरोदरपणातील दमा आणि पंप

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे श्वास खोल होतो आणि एरवी धडधाकट असलेल्या स्त्रीलाही जिना चढताना धाप लागते. त्यामुळे आधीपासून दमा असलेल्या स्त्रीला ही धाप गरोदरपणाची की आवळलेल्या श्वासनलिकांची, हे नुसत्या जाणिवेवरून ठरवता येत नाही. भिलाईच्या वैशाली नगरात राहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेचा हा पेच पीक फ्लो मीटरने, म्हणजे जोराने सोडलेल्या श्वासाचा वेग मोजणाऱ्या साध्या नळीने, सोडवला. गरोदरपणाने हा वेग फारसा बदलत नाही, तेव्हा आकडा घसरला की संशय दम्यावर. सकाळ-संध्याकाळ उभे राहून, छाती भरून श्वास घेऊन, नळीभोवती ओठ घट्ट मिटून तीनदा फुंकायचे आणि त्यांतला मोठा आकडा वहीत टिपायचा.

औषधावरून मात्र घरात बरीच चर्चा झाली. ‘पंपाची सवय लागते, बाळासाठी तरी सोड,’ हा सासूबाईंचा आग्रह मायेपोटी असला तरी घातकच होता; कारण ब्युडेसोनाइड, म्हणजे श्वासनलिकांची सूज उतरवणारे स्टिरॉइड, पंपातून घेतल्यास मुख्यतः फुप्फुसांतच काम करते आणि रक्तात फार थोडे उतरते, उलट ते सोडल्यामुळे दम्याचा झटका आला तर आईचा प्राणवायू घटून बाळालाही तो कमी पडतो.

गरोदरपणात साधारण एकतृतीयांश स्त्रियांचा दमा बळावतो, तितक्याच जणींचा उतरतो, उरलेल्यांचा होता तसाच राहतो. बळावलाच तर बहुधा 24 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान, आणि सातव्या महिन्यातले डोहाळजेवण नेमके याच काळात येते. फुलांची वाडी भरली गेली, पण धूप-उदबत्ती लावली नाही, यावर थोडी कुजबुज झाली, ती होणारच. 1959 साली सुरू झालेल्या पोलाद कारखान्याच्या धुराड्यांवर भिलाईत सगळा दोष ढकलला जातो. या घरी आकडा पाडला तो हिवाळ्यात शेजारच्या दारात पेटणाऱ्या कोळशाच्या सिगडीने, आणि ती विनंती करून चार पावले लांब हलवता आली.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरले जाणारे कार्बोप्रोस्ट श्वासनलिका आवळू शकते, म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर दम्याची नोंद ठळक करून घेतली होती. अंगावर पाजतानाही ब्युडेसोनाइड चालते, त्यामुळे पंप बाळंतिणीच्या उशाशीही राहिला.