गाय कुठे ठेवायची?

बँकेतल्या माणसाला जगातले सगळे हिशेब येतात, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. त्याला घरचा हिशेब लागत नाही, हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक असते. या समजुतीपायीच मुलीच्या शाळेतून मला निरोप आला : प्राथमिक विभागाची पुस्तके विषयवार लावायची आहेत, दिवाळीच्या सुट्टीत येता का? मी साधा बी. कॉम. ग्रंथालयाशी माझा संबंध कॉलेजात भरलेल्या दंडापुरता. पण 'नाही' हा शब्द मला काउंटरच्या आत बसल्यावरच सुचतो, बाहेर जमत नाही.

ग्रंथालय म्हणजे तीन लोखंडी कपाटे आणि तीन कुलपे. आत पुस्तके प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखी उंचीप्रमाणे लावलेली.

"सहा वर्षांत एक पुस्तक हरवलं नाही हो!" ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. मी भारावलो. मग देवघेवीची वही उघडली. सहा वर्षांत नोंदी एकतीस, त्यातल्या बावीस बाईंच्या स्वतःच्या. आमच्या धंद्यात याला 'बुडीत कर्ज शून्य' म्हणतात. कर्जच दिले नाही तर बुडणार काय?

पण हसू नका. पुस्तक हरवले तर किंमत बाईंच्या पगारातून कापायची, असा तिथला रिवाज होता. कॅश कमी पडली म्हणून मीही खिशात हात घातलेला आहे. त्या कुलपांमागची भीती मला लांबूनच ओळखू आली.

दोन रात्री मी अभ्यास केला. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1876 साली सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडले, प्रत्येकाचे पुन्हा दहा आणि त्यांचेही पुन्हा दहा. दशमान म्हटल्यावर मला धीर आला. पण गाईपाशी गाडी अडली. ड्यूईसाहेबांच्या हिशेबाने वाघ 599, म्हणजे सस्तन प्राण्यांत. गाय 636, कारण ती पाळीव. ती गेली शेतीच्या शेजारी. आणि गाय-वाघाची गोष्ट? ती लोककथा, म्हणून 398. एका गाईसाठी पोराने तीन कपाटे हिंडायची!

मदतीला चौथीतली चार मुले होती. त्यातल्या एकाने विचारले, "काका, गाय आणि वाघ इतके लांब का?"

मी खुलासा जुळवत होतो, तेवढ्यात दुसरा म्हणाला, "बरंय की! नाहीतर खाईल ना तो तिला."

ड्यूईची इतकी चोख बाजू कुणी मांडली असेल असे मला वाटत नाही.

पुढे 'श्यामची आई' हाती आली. साने गुरुजींनी ती 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, एवढे मला माहीत. पण ती कथा म्हणावी, आठवणी म्हणाव्यात की संस्कार? एक मुलगी शांतपणे म्हणाली, "रडायच्या पुस्तकांत ठेवा." मग 'एक होता कार्व्हर'. शेती की चरित्र? जमाखर्चात एकच रक्कम दोन खात्यांवर लिहिता येते. पुस्तक बिचारे एकाच फळीवर बसते. डबल एन्ट्रीचे महत्त्व मला परीक्षेतसुद्धा इतके पटले नव्हते.

शेवटी आकडे बाजूला ठेवून आम्ही रंगीत पट्ट्या आणल्या. प्राणी हिरवे, गोष्टी लाल, थोर माणसे पिवळी, विज्ञान निळे. पहिली-दुसरीची पुस्तके खालच्या फळीवर, कारण त्यांचे हात तिथवरच पोचतात. गाय आणि वाघ, जोखीम पत्करून, दोघेही हिरव्यात. आणि मुलीच्या आग्रहाखातर एक जांभळी पट्टी, रडायची. (ड्यूईला हे सुचले नव्हते.)

उरली कुलपे. मी बाईंना रंगनाथन सांगितले. मूळचे गणिताचे अध्यापक, पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल. त्यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम छापले आणि त्यांतला पहिलाच असा की पुस्तके असतात ती वापरायला.

बाईंनी ऐकून घेतले. "त्यांचा पगार कापत होते का हो?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मग मी बँकेतल्या माणसाला कधीही न शोभणारी गोष्ट केली : जामीन राहिलो. पहिली पाच पुस्तके हरवली तर पैसे मी भरीन, असे कागदावर लिहून दिले. जामिनाचे पुढे काय होते हे मी रोज काउंटरवरून पाहतो, तरीही.

कुलपे निघाली. जानेवारीत मी पाकीट घेऊन शाळेत गेलो. वहीची चौदा पाने भरली होती. जांभळ्या पट्टीचे एक पुस्तक महिनाभर परत आले नव्हते. नेणारी मुलगी शाळा सोडून गावी गेलेली.

"किती द्यायचे?" मी विचारले.

बाईंनी वही माझ्यापुढे सरकवली. शेऱ्याच्या रकान्यात 'गहाळ' असा शब्द लिहून खोडला होता आणि शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिले होते : 'वाचन चालू'.

थकलेल्या खात्याला असे गोंडस नाव देणाऱ्याला आमच्याकडे मेमो मिळतो. मी पेन काढले आणि शेऱ्याखाली 'तपासले' म्हणून सही केली.