अर्ध्या पगाराची पाच वर्षं

शाळेत शिकवताना नेल्सन म्हटला की मी थेट १८०५च्या ट्रफाल्गरला पोचत असे. आता निवांत वाचताना मला त्याआधीचा, अडचणीतला नेल्सन जास्त जवळचा वाटतो.

१७७७मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, हा पोरगेला लेफ्टनंट खवळलेल्या समुद्रात एका अमेरिकन जहाजावर चढला. सरकारी परवान्याने लूटमार करणारं जहाज ते! वरिष्ठाला जमलं नव्हतं, याने ताब्यात घेतलं.

खरी कसोटी १७८५ची. वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश बेटांशी अमेरिकन जहाजांना व्यापाराची बंदी होती, पण चोरटा व्यापार उघड चाले आणि अधिकारी डोळेझाक करत. याने नेव्हिस बेटापाशी चार जहाजं पकडली. चिडलेल्या व्यापाऱ्यांनी यालाच कोर्टात खेचलं. अटक टाळायला बिचारा कित्येक आठवडे जहाजावरच अडकला.

परतल्यावर शाबासकी नाहीच. १७९३पर्यंत सुमारे पाच वर्षं अर्ध्या पगारावर, वडिलांच्या बर्नहॅम थॉर्प गावी बागकाम. अर्जामागून अर्ज. शेवटी जहाज मिळालं, ते फ्रान्सशी युद्ध दारात आलं म्हणून. कदर झाली नाही, गरज पडली.

घरात बोलावण्याची वाट पाहत बसलेल्या आमच्या मुलांनो, ही पाच वर्षंही त्याच नेल्सनची होती, एवढं लक्षात ठेवा.